ट्यूलिपच्या कांद्याची कहाणी

ईस्टरच्या दिवशी रोममधील संत पीटर चौकात होणारे मिस्साबलिदान ज्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले असेल, त्यांना वेदीभोवतीची फुलांची आरास आठवत असेल. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून कित्येक वर्षे ही फुले हॉलंडमधून येत राहिली आणि पोप दुसरे जॉन पॉल त्यांबद्दल डच भाषेत आभार मानीत. त्या आराशीतले ट्यूलिप आज हॉलंडचे बोधचिन्हच बनून बसले आहे. परंतु हे फूल मूळचे तेथले नव्हे. आणि युरोपच्या एका बंदरात ते कंदरूपाने उतरले तेव्हा एका गृहस्थाने ते चक्क भाजून खाल्ले!

ट्यूलिपचे माहेर मध्य आशियाच्या डोंगरांत. तुर्कांनी ते आपल्या बागांत आणले आणि त्याला 'लाले' म्हटले. युरोपियनांनी मात्र त्याचे नाव घेतले तुर्की फेट्यावरून. फुलाचा घाट तसा दिसला असावा. १५५९ साली कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने आउग्सबर्ग येथील एका बागेत हे फूल पाहून त्याचे वर्णन केले. त्यानंतर तीन वर्षांनी, १५६२ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या कापडाच्या मालाबरोबर अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला काही कंद मिळाले. त्याला ते कांदेच वाटले. त्याने काही निखाऱ्यांवर भाजून तेल व व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले परसात कोबीच्या शेजारी पुरले. त्यांतले बरेचसे कुजले. थोडे वाचले ते मेखलेन शहराच्या एका जाणत्या व्यापाऱ्याने उचलून नेले म्हणून.

ही हकीकत आपल्यापर्यंत पोहोचवली कारोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने. हा मनुष्य आपल्याला परका वाटू नये. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तोच हा ओर्ता. स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासात क्लुसियसच्या हाती तो ग्रंथ पडला आणि १५६७ मध्ये त्याने त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. आपल्याकडील आंबा, फणस, हळद यांची ओळख युरोपच्या विद्वानांना झाली ती मुख्यतः या अनुवादामुळे. ओर्ता मूळच्या यहुदी घराण्यातला. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून त्यांचीही राख केली. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. हाडे जळाली, ग्रंथ मात्र क्लुसियसच्या लॅटिनमधून युरोपभर वाचला जात राहिला.

हाच क्लुसियस १५९३ साली लायडन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. पुढच्या वसंतात तेथे ट्यूलिप फुलले. तो मित्रांना कंद मोफत वाटत असे, पण त्याच्या बागेतून कंद चोरीलाही जात. हॉलंडमध्ये ट्यूलिपचा प्रसार झाला तो असा, काही दानातून आणि काही चोरीतून.

कंदाच्या पोटात काय चालते हे कळल्याशिवाय पुढची कथा उमगायची नाही. वसंतात फूल झडते, पाने पिवळी पडतात आणि वरून सारे मेल्यासारखे दिसते. पण त्याच उन्हाळ्यात कंदाच्या आत पुढच्या वर्षाचे फूल, पाकळ्या-केसरांसह, बारीक रूपात घडलेले असते. ते बाहेर येण्यासाठी त्याला थंडी लागते: साधारण बारा ते सोळा आठवडे, नऊ अंशांखालची. युरोपात शरद ऋतूत कंद अंगणात पुरतात आणि थंडीचे काम निसर्गावर सोपवतात. घरात फुलवायचे असेल तर कुंडी आधी गार, अंधाऱ्या तळघरात ठेवतात. कोंब वर आला की उजेडाच्या, किंचित उबदार खोलीत आणतात. मग बाहेर बर्फ असतानाच खिडकीत फूल उमलते. हायसिंथ तर अरुंद गळ्याच्या काचपात्रात नुसत्या पाण्यावर फुलतो. अठराव्या शतकात या काचपात्रांचे युरोपात मोठे वेड होते. आपल्या कोकणपट्टीत निशिगंधाचा कंद सुखाने नांदतो, कारण तो मेक्सिकोच्या उबेतला. ट्यूलिपला मात्र येथे शीतकपाटाचा आधार द्यावा लागतो. तोही पिकत्या फळांपासून दूर, कारण फळांतून निघणारा वायू आतली कळी मारतो.

बीपासून फूल यायला पाच ते सात वर्षे लागतात आणि एका कंदाला वर्षाकाठी दोन-तीनच पिल्ले फुटतात. पाकळ्यांवर ज्वालेसारखे पट्टे असलेल्या जाती तर अधिकच दुर्मीळ. ते पट्टे एका विषाणूची करणी होते, हे १९२८ साली डोरोथी केली या इंग्रज संशोधक महिलेच्या प्रयोगांनी स्पष्ट होऊ लागले. १६३६च्या हिवाळ्यात याच रोगट सौंदर्याला वेड्यासारखा भाव आला. कंद जमिनीखाली, पैसा पुढच्या वायद्यावर आणि सौदे दारूच्या गुत्त्यात! डच लोक याला 'वाऱ्याचा व्यापार' म्हणत. कसबी सुताराला वर्षाला जेमतेम तीनशे गिल्डर मिळत, त्या काळात १६३७च्या फेब्रुवारीत आल्कमार येथे एका मृत खाणावळवाल्याच्या सात पोरक्या मुलांसाठी झालेल्या लिलावात कंदांचे नव्वद हजार गिल्डर बोलले गेले. त्याच आठवड्यात हार्लेममध्ये बाजार कोसळला होता. पुढे १६३८ मध्ये हार्लेमने शंभराला साडेतीन गिल्डर देऊन सौदा मोडण्याची मुभा दिली.

प्रवचनासाठी ही गोष्ट फार सोयीची आहे, आणि म्हणूनच जपून सांगावी. इतिहासकार ॲन गोल्डगार यांनी २००७ साली कागदपत्रे तपासून दाखवले की, या पडझडीत देश बुडाला नाही. सर्वनाशाच्या कथा बऱ्याचशा तत्कालीन उपदेशकांच्या पत्रकांतून आल्या आहेत.

खरा सर्वनाश आला तीनशे वर्षांनी. १९४४च्या सप्टेंबरात लंडनमधील डच सरकारच्या आदेशावरून रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा अडवला. त्यात कालवे गोठले. नोव्हेंबर सरता सरता शहरांतला शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली घसरला, फेब्रुवारीत तो सहाशेच्याही खाली गेला. निर्यात थांबल्यामुळे कोठारांत न विकलेले ट्यूलिपचे कंद पडून होते. ते घरोघर शिजू लागले. साल काढायची, कंद दुभंगायचा, मधला पिवळसर कोंब बाधतो म्हणून काळजीपूर्वक काढून टाकायचा, मग बटाट्यासारखे उकडायचे किंवा किसून सूप करायचे. वाळवून पीठही करीत. पुढच्या वसंताचे फूल ज्यात घडलेले असते, तोच कोंब आधी फेकावा लागे.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, एरवी एकमेकांच्या वाऱ्याला न उभे राहणारे, त्या हिवाळ्यात एकत्र आले. त्यांनी आंतरचर्च कार्यालय काढून मुले व आजारी माणसे यांच्यासाठी अन्न गोळा केले. तरीही सुमारे वीस हजार माणसे दगावली. २९ एप्रिल १९४५ पासून दोस्तांच्या विमानांनी अन्नाची पोती टाकली आणि ५ मे रोजी मुक्तता झाली.

युद्धकाळात राजकन्या जुलियाना मुलींसह कॅनडातील ओटावा शहरात आश्रयाला होती आणि हॉलंड मुक्त करण्यात कॅनडाच्या सैनिकांनी प्राण दिले होते. कंद खाऊन जगलेल्या त्या देशाने त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ओटावाला १,००,००० ट्यूलिपचे कंद पाठवले.