वासरू, दोर आणि घड्याळ

पुतण्या ह्यूस्टनला असतो. तिथल्या रोडिओचे फोटो पाठवून त्याने खाली लिहिलं, "काका, ही इकडची बैलगाडा शर्यत!" तेव्हापासून यावर वाचतो आहे. जन्म इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे पहिला प्रश्न पडला, की हे सुरू कुठून झालं?

'रोडिओ' शब्द स्पॅनिश. मूळ अर्थ घेरणे, गोळा करणे. मेक्सिकोतले गुराखी मोकळ्या कुरणांवरची गुरं घेरून आणत, दोर टाकून वासरू पाडत आणि त्याला डागत. अमेरिकन काउबॉय हे त्यांच्याकडूनच शिकले. वासराला त्रास होताच, पण मालकाला ते धडधाकट हवं असे आणि घड्याळ कुणी लावत नसे. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल!)

१८७४ मध्ये ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, रेल्वे पसरली, मोकळी कुरणं आटली. काम गेलं आणि कामाचा तमाशा झाला. १८८३ मध्ये बफेलो बिलचा 'वाइल्ड वेस्ट' खेळ निघाला, १८९७ मध्ये वायोमिंगमधल्या शायेनला रोडिओ सुरू झाला. आता घड्याळ आलं. वासरू जीव घेऊन पळतं, गळ्यात फास पडतो, घोडा जागीच थांबतो. मानेला हिसका बसून वासरू आपटतं, मग स्वार उतरून त्याचे तीन पाय बांधतो. सगळं बक्षीस सेकंदांवर. उसळणाऱ्या घोड्या-बैलांच्या कुशीवर पट्टा आवळतात. तो वृषणाला बांधतात असं नेटवर सर्रास लिहिलेलं असतं, ते खरं नाही. पण तो नकोसा होतो म्हणून जनावर उसळतं, एवढं मला पुरे आहे.

१९२४ मध्ये वेम्बलीच्या साम्राज्य-प्रदर्शनात टेक्स ऑस्टिनचा रोडिओ आला. दोराच्या खेळात एका बैलाचा पाय मोडला आणि लंडनकर खवळले. प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या संस्थेने खटला भरला, तो टिकला नाही. १९३४ मध्ये ऑस्टिन पुन्हा आला. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला: जाहीर खेळात न शिकवलेल्या घोड्या-बैलाला दोराने पाडायचं नाही, पट्टा आवळून उसळवायचं नाही. मग रोडिओत उरलं काय? (याच इंग्रजांना कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद करायला मात्र २००४ चा कायदा लागला. असो.)

आपल्याकडे ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने दुरुस्ती उचलून धरली.

पुतण्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, शर्यतीची बैलजोडी पाळतो. स्वतः चहा घेण्याआधी बैलांना खुराक घालतो. त्याला क्रूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण रोडिओवालेही हेच सांगतात, की आमची जनावरं लाडात असतात. तो लाड खरा असेलही. सुटण्याच्या क्षणी जनावर का पळतं, याचं उत्तर त्यात नाही.

यंदा जत्रेला घाटात त्याच्याशेजारी उभा होतो. विचारलं, "घड्याळ नसतं तर बैल एवढे दामटले असतेस का रे?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, आपली बारी आली," आणि बैलांकडे गेला.