दहापटीचा दंडक

पुण्यातल्या मत्स्यालयाच्या दुकानात सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी वनस्पतींसाठी हवी म्हणून सांगा. बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘फिल्टर तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरवणारा घ्या. जास्त झाला तर चांगलंच.’ छंदातली जाणती मंडळीही हेच सांगतात. मला हा दंडक मान्य नाही. का नाही ते मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो न्यायाने. हा दंडक हवेतून आलेला नाही. पाण्यातल्या पानाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो पाण्यात हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट संथ पसरतो. प्रत्येक पानाला स्थिर पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो. प्रवाह मंदावला की तो थर जाड होतो आणि टाकीत सगळे काही असून पान उपाशी राहते. उपाशी पानावर शेवाळ धरते. ज्यांनी प्रवाह वाढवला त्यांच्या टाक्या सुधारल्या, हा अनुभव खरा आहे. स्पंज भरत गेला की फिल्टरचा प्रवाह घटतो, म्हणून थोडा मोठा घ्यावा, हेही शहाणपणाचेच. यातले एकही विधान मी खोडत नाही. माझे भांडण निष्कर्षाशी आहे.

पहिला आक्षेप: हा आकडा दोन वेगळ्या कामांची गल्लत करतो. पाणी गाळणे हे एक काम, पाणी पानापानाशी पोहोचवणे हे दुसरे. पुणेकराला हा भेद नवा नसावा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणले. कात्रजला एकाखाली एक दोन तलाव. वरच्यात गाळ बसायचा, निवळलेले पाणी खालच्यात उतरायचे. तिथून जमिनीखालच्या नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जायचे. गाळ कात्रजला, वाटप पेठेत. पेठेतल्या काळ्या हौदावर पाणी येत नसते, तर वरचा तलाव दुप्पट करून ते आले असते काय? मग टाकीचा कोपरा कोरडा पडला की आपण फिल्टर का मोठा करतो?

दुसरा आक्षेप भूमितीचा, आणि माझ्या मते हा निर्णायक आहे. पाणी एका टोकाने सोडून दुसऱ्या टोकाने ओढले, तर त्याचा सरासरी वेग म्हणजे तासाच्या फेऱ्या गुणिले टाकीची लांबी. दोन फुटी टाकीत दहा फेऱ्या म्हणजे तासाला सहा मीटर, म्हणजे सेकंदाला दोन मिलिमीटरही नाही. सहा फुटी टाकीत तासाला अठरा मीटर, सेकंदाला पाच मिलिमीटर. एकच दंडक, पण वेगात तिपटीचा फरक! जो नियम टाकीच्या लांबीनुसार वेगळेच फळ देतो, त्याला नियम कसे म्हणावे? शिवाय दाट झाडीतली पाने हळुवार हलती ठेवायला सेकंदाला काही सेंटिमीटर वेग लागतो. म्हणजे मोठ्या टाकीत दहापट प्रवाह गाळण्याला फार आणि वाहतुकीला थोडा. दोन्हीकडे चुकीचा.

कोणी म्हणेल, नळीच्या तोंडातून सुटलेली धार आजूबाजूचे पाणीही ओढत नेते, म्हणून प्रत्यक्ष वेग जास्त असतो. अगदी बरोबर. पण मग काम आकड्याने केले, की धारेच्या दिशेने? हा प्रतिवाद माझ्याच बाजूने साक्ष देतो.

तिसरा आक्षेप: जास्त प्रवाहाने पाणी जास्त शुद्ध होत नाही. मासे दिवसाला ठरावीक अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जीवाणू तेवढ्यावरच जगतात. पाणी नीट मिसळत असेल, तर टाकीभर पाणी एकदा फिल्टरमधून गेल्यावर सुमारे 37 टक्के पाणी गाळलेले नसते. तीनदा गेल्यावर 5 टक्के उरते. पुढच्या सात फेऱ्या त्या पाच टक्क्यांसाठी! त्यातच वनस्पती स्वतः अमोनियम शोषतात. वनस्पतींच्या टाक्यांवर लिहिणाऱ्या डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली आलेल्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे: अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच आधी उचलतात. दाट लावलेली टाकी हाच एक फिल्टर असतो.

चौथा आक्षेप: दहापट मोजता कशाने? खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. त्यात ना स्पंजचा अडथळा, ना नळीची उंची. माझ्या फिल्टरवर तासाला 3000 लिटर छापले होते. मी बाहेर येणारी नळी बादलीत धरली. दहा लिटर भरायला 24 सेकंद लागले. म्हणजे तासाला 1500. निम्मे! छापील आकड्यावर दंडक उभारणे म्हणजे वाळूवर पाया घालणे.

पाचवा आक्षेप: ‘जास्त झाला तर चांगलंच’ हे साफ चूक आहे. साठ वॅटचा पंप अखंड चालला तर वर्षाला 525 युनिट वीज लागते आणि तिचा मोठा भाग उष्णता होऊन पाण्यात उतरतो. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्रसपाटीला पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तिसाला 7.6, पुणे साडेपाचशे मीटर उंचावर असल्याने इथे आणखी कमी. त्यात वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली, की बंद कॅनिस्टरमधले, म्हणजे टाकीबाहेरच्या डबाबंद फिल्टरमधले, जीवाणू गुदमरू लागतात. सगळी भिस्त एका मोठ्या डब्यावर ठेवणे म्हणूनच धोक्याचे.

आता मंडन. साधारण 680 लिटरच्या या सहा फुटी टाकीत माती, दगड, लाकूड वजा जाता साडेपाचशे लिटर पाणी उरते. बादलीने मोजून तासाला मिळून तीन-चारपट खरा प्रवाह देतील असे दोन मध्यम कॅनिस्टर घ्यावेत आणि आलटून पालटून धुवावेत. वाहतूक वेव्हमेकरकडे, म्हणजे टाकीतच बसवायच्या प्रवाहपंपाकडे, द्यावी. त्याला स्पंजमधून पाणी ढकलायचे नसते, उंचावरही चढवायचे नसते, म्हणून थोड्या विजेत तो पुष्कळ पाणी हलवतो. धार लांबीच्या दिशेने सोडावी, म्हणजे पाणी पुढून जाऊन मागून परतते. पृष्ठभागावर बारीक लहर राहू द्यावी. थोडा कार्बन डायऑक्साइड उडेल, पण पहाटे मासे वर येऊन तोंड उघडणार नाहीत.

हे मी ठेच लागून शिकलो. टाकीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, ओंडक्याआड, क्रिप्टोकोरिनच्या पानांच्या कडांवर काळे केसाळ शेवाळ धरायचे. मी फिल्टर मोठा केला. शेवाळ तसेच. मग एके रात्री चिमूटभर खाद्य चुरून प्रवाहात सोडले. कण ओंडक्याच्या वळणापर्यंत आले, तिथे घुटमळले आणि खाली बसले. त्या पानांपर्यंत एकही गेला नाही. छोटा वेव्हमेकर लावून धार त्या बाजूला वळवली. जुनी पाने कापली. त्यानंतर फुटलेली पाने कडांपर्यंत हिरवीगार राहिली.

दंडक मानायचा की सोडायचा, हे माझ्या शब्दावर ठरवू नका. बादली घ्या, घड्याळ घ्या, चिमूटभर खाद्य घ्या. कण जिथे थांबतो, तिथे तुमचा फिल्टर संपतो, खोक्यावर काहीही छापलेले असो.