मोडीतली घागर

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की मला कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधले संग्रहालय आठवते. फराळाच्या दिवसांत हे काय काढले, असे वाचक म्हणतील. पण त्याला कारण आहे.

काही वर्षांमागे शाळेची चाळीस मुले घेऊन मी राधानगरीहून कोल्हापूरला गेलो होतो. टाऊन हॉलची दगडी इमारत १८७२ ते १८७६ या काळातली. संग्रहालय १९४६ साली सुरू झाले आणि १९४९ मध्ये या इमारतीत आले. त्याचे मूळ मात्र पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत आहे. तेथे आधी प्रा. कुंदनगार यांनी, मग १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. आणि सातवाहनांच्या काळचे नांदते गावच हाती लागले. विटांची घरे, मणी, नाणी, काशाची भांडी!

त्यांतच जेमतेम वीतभर उंचीची एक काशाची मूर्ती आहे. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. एका मुलाने विचारले, "गुरुजी, समुद्राचा देव हितं कशाला आला?"

मी म्हटले, "व्यापाऱ्यांबरोबर, बाळ. रोमन जगातला माल गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागे आणि सह्याद्रीचे घाट चढून वर येई." आमच्या पोरांना घाट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही, फोंडा घाटाची वाट आमच्या गावावरूनच जाते. आणि ब्रह्मपुरीखालून वाहणाऱ्या पंचगंगेत आमच्या भोगावतीचेच पाणी मिसळलेले. शाहू महाराजांनी धरणासाठी अडवली ती हीच नदी. त्यांनीच आपल्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे, नाव आमच्या गावाला दिले.

पुढच्या दालनात चित्रे होती. दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर आणि महाराजांच्या आश्रयाने वाढलेले अबालाल रहिमान. रंकाळा, कोटितीर्थ, संध्यामठ. आपलीच ठिकाणे त्यांनी आपल्याला नव्याने दाखवली. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात अबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले. मुले त्या चित्रांपुढे गप्प उभी राहिली.

परतताना तोच मुलगा पुन्हा काशाच्या भांड्यांपाशी थबकला. म्हणाला, "गुरुजी, ह्येच्यापरास मोठी घागर आमच्या आईनं गेल्या दिवाळीला मोडीत घातली. ती बी हितं ठिवली असती का?"

मला उत्तर सुचेना. कारण माझ्या आजीची तांब्याची घागर मीच मोडीत दिली होती, आणि त्या पैशांत स्टीलचे दोन डबे आणले होते. ज्या घागरीने तिने चाळीस वर्षे भोगावतीचे पाणी भरले, तिचे मोल मी वजनावर केले! ब्रह्मपुरीची भांडीही कोणा गृहिणीच्या रोजच्या हाताळणीतलीच ना? मातीने ती जपली. आम्हांला एक फळी रिकामी ठेवता आली नाही.

"ठेवली असती," मी अखेर म्हटले. "पण आधी ती आपल्याला ठेवता यायला हवी."

यंदा माळा झाडताना सौभाग्यवतींनी आजीचा पितळी पानडबा मोडीच्या ढिगात टाकला. मी तो मुकाट्याने उचलला, चिंचेने घासला, आणि आत एक चिठ्ठी घातली. आजीचे नाव, माहेरचे गाव आणि लग्नाचे साल. टाऊन हॉलच्या कपाटांत अशाच चिठ्ठ्या आहेत. लक्ष्मीपूजनाला डबा पाटावर मांडू, म्हणतो.