पाद्रीच्या बेटामागचे थंड पाणी

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या दक्षिण किनाऱ्याचा नकाशा उघडला, तर धर्मग्रामातील कोणाचेही बोट तेथील नावांवर क्षणभर थबकावे. एका उपसागराचे नाव कॉर्पस क्रिस्ती, म्हणजे ख्रिस्तदेह. १५१९ साली आलोन्सो आल्वारेस दे पिनेदा हा स्पॅनिश दर्यावर्दी ख्रिस्तदेहाच्या सणादिवशी तेथे पोहोचला म्हणून हे नाव पडले, अशी परंपरा सांगतात. त्याच्या दक्षिणेला सुमारे १८० किलोमीटर लांबीचे, वाळूचे एक चिंचोळे बेट आहे. त्याचे नाव पाद्रे. आपल्याकडे पाद्री हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, तिकडे पाद्रे हा स्पॅनिशांबरोबर गेला. अर्थ एकच, पिता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फादर होसे निकोलास बायी या धर्मगुरूंनी त्या बेटावर गुरांचे कुरण वसविले. १८२९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मात्र बेटाला कायमचे चिकटले.

बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जी खाडी आहे तिला लगूना माद्रे, म्हणजे माता-खाडी म्हणतात. तिची सरासरी खोली जेमतेम एक मीटर. मोठी नदी तिला मिळत नाही, पाऊस कमी आणि ऊन कडक. त्यामुळे तिचे पाणी बहुधा समुद्राहूनही खारट असते. तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर मासळी पोसली जाते. रेडफिश, ठिपक्यांचा ट्राऊट आणि काळा ड्रम हे तेथील मानाचे मासे. नावे परकी वाटली तरी हे तिन्ही मासे आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातलेच आहेत.

या किनाऱ्यावर पैसे घेऊन परक्याला मासेमारीस नेणाऱ्या वाटाड्यांचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. पोर्ट अरान्सस या गावी १८८६ साली टार्पन इन नावाची खाणावळवजा वसतिगृहाची इमारत उभी राहिली. टार्पन हा रुपेरी खवल्यांचा प्रचंड मासा. त्याला गळाला लावण्याच्या हौसेने दूरदूरचे श्रीमंत पाहुणे येथे येऊन राहत. १९३७ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हेही त्यासाठी आले होते, आणि त्यांची सही असलेले टार्पनचे खवले त्या वसतिगृहात जपून ठेवलेले आहे. पाहुण्याला नावेत बसवून नेणारा स्थानिक माणूस म्हणजे गाईड. आपल्याकडच्या तांडेलाशी त्याचे नाते लावता येईल. फरक इतकाच की तांडेल मासळी आणतो, तर गाईड माणसाला मासळीपर्यंत नेतो.

टार्पन हा उन्हाळ्यातला मासा. गाईडची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. कॅनडाकडील मोकळ्या मैदानांवरून थंड हवेची लाट दक्षिणेकडे सरकते, तिला टेक्सासची माणसे नॉर्दर म्हणतात. सकाळी सदऱ्यावर वावरणारा माणूस दुपारी लोकरीच्या कोटात कुडकुडतो. उत्तरेचा जोरकस वारा उथळ खाडीतील पाणी ढकलीत नेतो, पातळी घसरते आणि काल जेथे नाव तरंगत होती तेथे आज चिखल दिसतो. अशा दिवशी मासा गवताची कुरणे सोडून खोल खळग्यांत आणि कालव्यांत उतरतो. त्याचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड होते, तो सुस्तावतो आणि आमिषामागे धावत नाही.

हे सारे जाणून गाईड वागतो. पहाटेची घाई तो करीत नाही. ऊन वर येऊन काळ्या चिखलाचा तळ थोडा उबदार होईपर्यंत थांबतो, कारण त्या उबेकडे लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे मासे येतात. वाऱ्याच्या आडोशाचा काठ निवडतो. सपाट तळाच्या नावेतून पाहुण्याला उतरवतो आणि छातीपर्यंतचा रबरी पोशाख घातलेला पाहुणा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून, कृत्रिम आमिष तळालगत अगदी हळूहळू ओढीत राहतो. आणि वारा फारच चढला, तर पैसे बुडाले तरी नाव न सोडण्याचा निर्णयही गाईडलाच घ्यावा लागतो.

परंतु या ज्ञानाला एक काळी बाजू आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला. थंडीत मासळी ज्या खळग्यांत दाटीवाटीने निवाऱ्याला जाते, ते खळगे गाईडला पाठ असतात. निवारा शोधणाऱ्या जिवाला तेथेच गाठणे याहून सोपे काही नाही. शिवाय कडाक्याची थंडी लांबली, तर माणसाने हात न लावताही मासळी मरते. १९८३ च्या डिसेंबरमधील गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे १ कोटी ४४ लाख मासे मेल्याचा अंदाज राज्याच्या मत्स्यखात्याने केला. १९८९ च्या फेब्रुवारीत सुमारे १ कोटी १३ लाख, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आणखी ६२ लाख. सहा वर्षांत तीन आघात.

थंडीपूर्वीच माणसाच्या जाळ्यांनी मासळी विरळ केली होती. त्यावरून गळाने मासे धरणारे हौशी लोक आणि जाळ्यावर पोट भरणारे कोळी यांच्यात मोठा झगडा झाला. १९७७ साली ह्यूस्टनमध्ये हौशी मच्छीमारांनी संघटना उभारली. १९८१ साली टेक्सासमध्ये पकडलेल्या रेडफिश व ट्राऊटच्या विक्रीवर राज्याच्या कायद्याने बंदी आली. १९८८ साली किनाऱ्यालगतच्या पाण्यात उभी जाळी लावणेही बंद झाले. मासळी सावरण्यास याने मदत झाली हे खरे. पण या कायद्याची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या घरांचा रोजगार गेला, आणि तोच मासा हौसेसाठी धरणाऱ्या पाहुण्यांवर गाईडांचा धंदा वाढला. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या वाचकांना यातील सल वेगळी समजावून सांगायला नको. म्हणूनच ज्याच्या हाती मासा राहिला, त्याच्यावर संयमाची जबाबदारीही अधिक आली.

ती पाळण्याची वेळ २०२१ च्या फेब्रुवारीत आली. त्या आठवड्यात टेक्सासभर वीज गेली आणि २०० हून अधिक माणसे दगावली. खाडीत किमान ३८ लाख मासे मेले. हजारो हिरवी कासवे गारठून निश्चल झाली. स्वयंसेवकांनी ती नावांतून व मोटारींतून आणली आणि साऊथ पाद्रे बेटावरील सभागृहाच्या जमिनीवर रांगेने ठेवून वाचविली. १ एप्रिलपासून सरकारने लगूना माद्रेत माणशी दिवसाला पाचऐवजी तीनच ट्राऊट ठेवण्याचा नियम केला. अनेक गाईडांनी तर पाहुण्यांना मासा धरून पुन्हा पाण्यात सोडायला सांगितले. ज्याची उपजीविकाच मासा मिळवून देण्यावर आहे, त्याने असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता गोठवणाऱ्या थंडीचा इशारा मिळाला की मासळीच्या निवाऱ्याच्या ठरावीक खोल जागी मासेमारी काही काळ बंद ठेवता येते. २०२४ च्या जानेवारीत तशी बंदी घातली गेली. अशा वेळी कालव्यातून जाणारी मालवाहू बार्जही स्वेच्छेने थांबविली जातात, कारण त्यांच्या लाटांनी गारठलेला मासा आणि कासव फेकले जाते. १९४९ साली पुरा झालेला हा कालवा मालवाहतुकीसाठी खणला होता. थंडीत तो मासळीचा आसरा ठरला.

अशा दिवशी गाईड धक्क्यावर नाव बांधून बसलेला असतो. मासा कोणत्या वळणावर, किती हात खोल थांबला आहे, हे त्याला नेमके ठाऊक असते. त्याच्या वाडवडिलांनी हे ज्ञान मासे धरण्यासाठी मिळविले. त्याला ते मासे राखण्यासाठीही वापरावे लागते. ज्या बेटाला एका पाद्रीचे नाव आहे, त्याच्यामागे पसरलेल्या माता-खाडीत मासळी उबेची वाट पाहत असते, आणि तिचा पत्ता जाणणारा माणूस त्या दिवशी तिच्याकडे जात नाही.