मिळालेलं परत ठेवणारा माणूस : ना. वा. टिळक, १९१७

सुरुवात तळीयेपासून करतो, कारण आजचा विषय सोपा वाटू नये अशी माझी इच्छा आहे. महाड तालुक्यातलं हे गाव. २२ जुलै २०२१ ला डोंगर खाली आला आणि वाडी गाडली गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत याच तालुक्यात जुई, दासगाव इथं दरडी कोसळल्या होत्या. या भागात पाऊस जोराचा लागला की लोक अजून रात्री जागे राहतात.

आता एक भाषा ऐका. मी ख्रिस्ती मंडळींत बऱ्याचदा ऐकतो. नोकरी लागली, आशीर्वाद. घर झालं, आशीर्वाद. मुलाला व्हिसा मिळाला, मोठा आशीर्वाद. देवाचे आभार मानावेत, त्यात वावगं काहीच नाही. पण घर उभं राहणं हीच देवाच्या प्रेमाची खूण मानली, तर तळीयेत ज्याचं घर चिखलाखाली गेलं त्याला आपण नेमकं काय सांगतोय? बायबलातल्या ईयोबाच्या गोष्टीत सैतान हाच डिवचणारा प्रश्न विचारतो : याला भरपूर दिलंय म्हणून हा तुझी भक्ती करतो, काढून घे आणि मग बघ.

या प्रश्नाला इतिहासात कोणी जगून उत्तर दिलंय का? पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलं की महाबळेश्वर, आणि पलीकडे उतरत गेलं की सातारा. त्या साताऱ्यात १९१७ साली नारायण वामन टिळक राहत होते. तुम्ही त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखता. जन्म १८६१ चा, करजगावचा, म्हणजे कोकणचेच.

टिळकांचा पहिला त्याग सगळ्यांना माहीत असतो, म्हणून भरभर सांगतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते पकडले गेले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. ब्राह्मण घर, नातेवाईक, समाजातली पत, सगळं सुटलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या. काही वर्षं हा संसार तुटलेलाच होता. मग त्या नगरला आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंतची गोष्ट व्याख्यानात छान रंगते. मला मात्र पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

कारण नगरला हळूहळू सगळं परत मिळालं! अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं, पगार होता, बायको-मुलं जवळ होती. मंडळीत मान होता, पदं चर्चमधून गायली जात होती. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचं संपादनही त्यांच्याकडे आलं. देवासाठी सोडलं आणि देवाने भरून दिलं, असं म्हणून कोणीही थांबला असता. आपण तर साक्षच दिली असती!

त्या काळाची एक बोच लक्षात घ्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी लोकांना जगवलं, अनाथ मुलं सांभाळली, आणि याच वर्षांत खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झालेलेही पुष्कळ. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा घरोघर होता. माझ्या मते तो अन्यायाचा होता. उपाशी माणसाच्या श्रद्धेवर पोट भरलेल्याने शंका घ्यावी, हे काही बरं नाही. पण पगारी धर्मोपदेशकाला तो टोमणा जास्त लागतो. तुकोबा-ज्ञानोबांच्या मुलखात देवाचं नाव सांगायचं आणि महिन्याच्या महिन्याला पाकीट घ्यायचं?

१९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्याला तिथं जागा होती, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. म्हणजे बघा, पहिल्या वेळी जे सोडलं ते त्यांच्या दृष्टीने जुनं होतं. या वेळी सोडलं ते देवाच्याच सेवेतून आलेलं. अब्राहामाकडे इसहाक मागितला गेला तसं. पाप सोडणं एक वेळ समजतं, पण देणगी परत ठेवायची, देणाऱ्यावर राग नसताना, हे अवघड. आणि टिळकांना जगाचा कंटाळा होता असंही नाही. फुलं, मुलं, मित्र, बायको, सगळ्यांवर कविता करणारा हा माणूस. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, असं मला दिसतं, की यातलं काहीही देवाच्या जागी बसू नये.

पण पाकीट बंद झालं की चूल कोणाची अडते? ‘स्मृतिचित्रे’ वाचा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, ते दारी येईल त्याला देऊन मोकळे. डबे खडखडले की निस्तरायचं लक्ष्मीबाईंनी. हे सगळं त्या हसत हसत लिहितात, पण हसण्याखालचं ओझं लपत नाही. नवऱ्याचा संन्यास बायकोच्या संमतीशिवाय किती खरा, हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. टिळकांवर माझी भक्ती आहे, तरी या ठिकाणी मी लक्ष्मीबाईंच्या बाजूला बसतो.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला आणि अस्थी नगरला पुरल्या. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, मोजकेच अध्याय झालेले. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहून ते पुरं केलं. छापलेलं पुस्तक पाहायला त्याही उरल्या नाहीत. त्या १९३६ मध्ये गेल्या, ग्रंथ आला १९३८ ला.