दाण्याचें दूध आणि दुधाचें नांव

खानदेश हा अहिरांचा, म्हणजे गवळ्यांचा प्रांत. येथील अहिराणी बोलीनें त्यांचें नांव अजून जपून ठेविलें आहे. अशा प्रांतांत जन्म काढलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तरानें गाईम्हशींवांचून होणाऱ्या दुधाविषयीं बोलावयास बसावें, हें पुष्कळांना विपरीत वाटेल. परंतु श्रोतेहो, हा विषय वाटतो तितका परका नाहीं आणि नवाहि नाहीं. शहरांतील दुकानांत आज सोयाबीन, बदाम व ओट यांचीं दुधें बंद डब्यांतून मिळतात. त्यांची पूर्वपीठिका मात्र आपल्या स्वयंपाकघरांतच सांपडते.

प्रथम शब्दच पाहूं. ज्वारीच्या कणसाकडे पाहून आमचा शेतकरी 'दाणा दुधांत आला' असें म्हणतो. वड, पिंपळ, उंबर यांना वैद्यकांत क्षीरवृक्ष ही संज्ञा आहे. कोंकणांत नारळाच्या दुधावांचून सोलकढी होत नाहीं. आमच्याकडे ओला नारळ दुर्मिळ, म्हणून आमच्या वाटणांत सुकें खोबरें आलें. परंतु उन्हाळा लागला कीं जळगांव-धुळ्याकडील घरोघरीं कुरडयांसाठीं गहू तीन दिवस भिजत पडतात, रोज त्यांचें पाणी बदलतें, मग ते वाटून व पिळून पांढराशुभ्र चीक निघतो. भिजविणें, वाटणें, गाळणें आणि शिजविणें, या चार क्रियांपलीकडे घरगुती वनस्पतिदुधांत फारसें कांहीं नाहीं. मध्ययुगीन युरोपांत ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवसांत बदामाचें दूध वापरीत; चीन देशांत सोयाबीनच्या दुधाची परंपरा जुनी आहे. ज्या देशांत जें बीं पिकलें, त्याचें त्यानें दूध केलें.

आमच्या वांट्यास भुईमूग आला. हें पीक मूळचें दक्षिण अमेरिकेचें. पण खानदेशानें तें इतकें आपलें केलें कीं दाण्याच्या कुटावांचून आमची भाजी सुनी वाटते. दाण्याचें महत्त्व केवळ चुलीपुरतें राहिलें नाहीं. सन १९४५ मध्यें अमळनेर येथें महंमद हाशम प्रेमजी यांनीं 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. तिचेंच पुढें 'विप्रो' झालें. तिचा आरंभींचा माल म्हणजे वनस्पति तूप. गवळ्यांच्या प्रांतांत तेलापासून तुपाचा पर्याय निघूं लागला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. अस्सल तुपांत भेसळ झाल्यास ती ओळखूं यावी, म्हणून वनस्पतींत तिळाचें तेल घालण्याचें बंधन सरकारनें घातलें. पर्याय वाईट नसतो. पर्याय म्हणून तो ओळखूं येत नाहीं, तेथें घात होतो.

दुधाच्या पर्यायाचा सर्वांत प्रामाणिक शोध, माझ्या मतें, महात्मा गांधींनीं घेतला. सन १९१२ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत त्यांनीं दूध सोडलें. पुढें आजारी असतांना त्यांनीं डॉक्टर, वैद्य व शास्त्रज्ञ यांना दुधाऐवजीं काय घ्यावें असें विचारलें. कोणी मुगाचें पाणी सांगितलें, कोणी मोहाचें तेल, कोणी बदामाचें दूध. हे प्रयोग करतांना शरीर झिजलें, अशी कबुली त्यांनींच आत्मकथेंत दिली आहे. सन १९१८ च्या दुखण्यांत ते मरणाच्या दारापर्यंत गेले आणि अखेरीस कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीच्या दुधावर आले. व्रत घेतांना मनांत गाय व म्हैस याच होत्या, हा त्यांतला आधार. पण आपण व्रताचें अक्षर पाळलें, आत्मा नव्हे, ही खंत त्यांना राहिली. एवढा निग्रही पुरुष हरला तरी त्यानें शोध सोडला नाहीं. सन १९३५ मध्यें वर्ध्याच्या मगनवाडींत सोयाबीनचे प्रयोग झाले, आणि १९३६ मध्यें बडोद्यास एफ्. एस्. काळे यांचें सोयाबीनवर, पाककृतींसह, इंग्रजी पुस्तक छापलें गेलें. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें दाण्याचीं प्रथिनें दुधांत मिसळून 'मिल्टोन' नांवाचें पेय सिद्ध केलें. दूध थोडें आणि मुलें फार, हा त्यामागचा प्रश्न होता.

तो प्रश्न मी स्वतः पाहिला आहे. सन १९७२ च्या दुष्काळांत मी दहा वर्षांचा होतों. धुळ्याजवळच्या आमच्या खेड्यांत वैरण संपली आणि घरची गाय आटली. माझ्या मायनें बियाण्याच्या शेंगांतले बारके दाणे निवडून रात्रीं भिजविले, सकाळीं पाट्यावर वाटले, फडक्यांतून पिळले आणि तें दूध गुळाच्या चहांत ओतलें. चहा फाटला. वडिलांनीं कांहीं न बोलतां तो पिऊन टाकला. माय मात्र दिवसभर हिरमुसलेली होती. दुसऱ्या दिवशीं तेंच दूध तिनें मिरची-लसणाच्या फोडणींत ओतून आमटी केली, आणि आम्हां भावंडांनीं भाकरी चुरून पातेलें चाटून पुसून स्वच्छ केलें. दूध वाईट नव्हतें. त्याची जागा चुकली होती.

वनस्पतिदुधाची निवड करतांना हीच गोष्ट ध्यानांत ठेवावी. चहा, कॉफी व गूळ यांत किंचित् आंबटपणा असतो आणि दाण्याचीं वा सोयाबीनचीं प्रथिनें त्यानें सांकळतात. म्हणून असें दूध आधीं उकळून घ्यावें, कोमट असतांना धारेनें घालावें, आणि गोडीसाठीं साखर वापरावी. कॉफीस ओटचें दूध अधिक मानवतें. त्यांतील पिठाची कारखान्यांत अंशतः साखर झालेली असते, म्हणून तें जात्याच गोडसर लागतें. बदाम व काजू यांचें दूध थंड सरबतास व थंडाईस उत्तम. नारळाचें दूध खीर, भात व माशांच्या कालवणास घ्यावें, पण शेवटीं व मंद आंचेवर. खळखळ उकळी आली कीं तें फुटतें. तिळाचें दूध सालीसकट केल्यास कडवट होतें. दाण्याचें दूध आमटी, वांग्याचा रस्सा व कढी यांसाठीं घ्यावें. कढींत थोडें बेसन लावलें म्हणजे तें फाटत नाहीं. सोयाबीनचा उग्र वास जावयास तें कडक पाण्यांत उकळून मग वाटावें व दूधहि पुन्हां नीट उकळावें. कच्चें सोयाबीन पचनास बाधक असतें. घरचें दूध त्याच दिवशीं संपवावें.

दाण्यांविषयीं एक इशारा आवश्यक आहे. सन १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांची पेंड हें त्याचें कारण निघालें. तें विष साध्या उकळण्यानें जात नाहीं. तेव्हां काळा, सुरकुतलेला वा खवट दाणा निवडून फेंकून द्यावा. तेथें काटकसर नको.

दुसरा इशारा माझ्या घरचाच आहे. गेल्या वर्षीं माझ्या सात महिन्यांच्या नातवास वरचें दूध सोसेना, तेव्हां कोणीतरी बदामाचें दूध द्या असें सुचविलें. सर्वांना तें पटलेंहि. मला मात्र गांधींच्या प्रयोगांची आठवण झाली आणि मी मुलीला आधीं डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें कीं एक वर्षाखालील मुलास दूध म्हणून आईचें दूध, किंवा वैद्यानें सांगितलेलें बालान्न, हेंच द्यावें. बदामाचें दूध हा त्याचा पर्याय नव्हे. शंभर ग्रॅम गाईच्या दुधांत सुमारें ३ ग्रॅम प्रथिनें व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. विकतच्या बदामदुधांत प्रथिनें बहुधा १ ग्रॅमहि नसतात. सोयाबीनचें दूध प्रथिनांत बरोबरी करतें, पण ब-१२ हें जीवनसत्त्व मुद्दाम घातल्यावांचून कोणत्याहि वनस्पतिदुधांत नसतें. कांहीं माणसांना दाणा मुळींच सोसत नाहीं, हेंहि विसरूं नये. ज्या प्रौढांना दूध पचत नाहीं किंवा जे तत्त्वानें तें घेत नाहींत, त्यांनीं खुशाल वनस्पतिदूध घ्यावें. मात्र उणें काय तें जाणून घ्यावें.

राहिला नांवाचा वाद. सन २०२१ मध्यें भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें अशा पेयांवर 'दूध' हा शब्द छापण्यास हरकत घेतली. नारळाच्या दुधासारखीं रूढ नांवें तेवढीं वगळलीं. बाजारापुरतें हें योग्यच आहे, कारण डब्यावरचा शब्द वाचूनच आई मुलाचा पेला भरते. घरांत मात्र दाण्याच्या त्या पांढऱ्या पाण्याला आम्ही दूधच म्हणूं. दुष्काळाच्या वर्षीं माझ्या मायनें त्याला तेंच नांव दिलें होतें. पण पाळण्यांतल्या माझ्या धाकट्या बहिणीला तिनें तें एक थेंबहि पाजलें नव्हतें.