बुटाच्या तळाचं कूळ: खिळा की टायर?

चंद्रपूरकडचा माणिकगड किल्ला चढताना पायात काय असावं, याचं उत्तर शोधता शोधता मी मिलानच्या एका टायर कारखान्यापर्यंत पोचलो. ट्रेकिंगच्या बुटाला असतो तो खोल खाचांचा रबरी तळ ‘पिरेली’ या टायर कंपनीच्या पैशावर जन्मला. आपल्या आठवडी बाजारात कारागीर जुने टायर कापून चपला करत आले. हजारोंचा बूट आणि टायरची चप्पल एकाच घरातली, हे कळल्यापासून मी या कुळाच्या मागे आहे.

आधी जमीन पाहू. शेजारच्या गडचिरोलीचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाहून कितीतरी जुन्या खडकांचा आहे. सुरजागडचा डोंगर लोहखनिजाचा, तर चंद्रपूर शहराच्या आसपास कोळसा. पश्चिमेला राजुरा-जिवतीकडे मात्र त्या लाव्हाची पूर्वेकडची कड येऊन टेकते. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. गडचांदूरला चुनखडी आहे, म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने; तिथून माणिकगडाच्या डोंगरात शिरलं की काळा बेसाल्ट लागतो. नागवंशी राजांचा म्हणून सांगितला जाणारा हा किल्लाही काळ्या दगडाचाच.

बेसाल्ट कोरडा असला की पाय धरून ठेवतो, आणि पावसात शेवाळ आलं की तोच पाय सोडून देतो. तो कुजून मुरूम होतो आणि उतारावर घसारा तयार होतो. आणखी झिजला की काळी माती होते, जी पावसात तळाला गोळ्यांनी चिकटते. म्हणजे एकाच लाव्हावर तीन तऱ्हेची वाट. तळाचा सगळा इतिहास या तिघींशी जुळवून घेण्याचा आहे.

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर आणला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आल्प्समधले गिर्यारोहक तेव्हा चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे ठोकत. १९१२ च्या सुमारास जिनिव्हाच्या फेलिक्स जेनेकां या जवाहिऱ्याने ‘ट्रायकूनी’ नावाचे दातेरी खिळे काढले. खिळे बर्फात रुतत, पण लोखंडातून थंडी पायापर्यंत पोचे आणि गुळगुळीत कातळावर ते घसरत. म्हणून कड्याशी जड बूट काढून हलके जोडे घालायची रीत होती.

या रीतीने १९३५ मध्ये घात केला. पुंता रासिका या शिखरावर हलक्या जोड्यांनिशी चढलेल्या इटालियन तुकडीला वादळाने गाठलं आणि सहा जण थंडीने गेले. त्या मोहिमेतल्या विताले ब्रामानीने मग बर्फ आणि कातळ दोन्हींवर चालणारा एकच तळ करायचं मनावर घेतलं. पिरेलीच्या मदतीने १९३७ मध्ये रबरी तळ तयार झाला. त्याच्या नाव-आडनावातून ‘व्हिब्राम’ झालं, आणि १९५४ मध्ये इटालियन मोहीम हेच तळ घालून के-२ वर पोचली.

आता वाद असा: या तळाचा बाप कोण? जाणकारांचा एक पक्ष म्हणतो, खिळा. तळाच्या कडेने ठोकळे आणि मध्ये अधिकच्या खुणेसारखे उंचवटे, ही मांडणी खिळे ठोकण्याच्या मांडणीवरूनच घेतली आहे. हे मला मान्य आहे. पण मांडणी म्हणजे कूळ नव्हे. खिळा टोकाने रुततो. रबर दाबाखाली खडकाच्या खडबडीत अंगात शिरतं आणि धरतं. हे दुसरं काम चाकाचं आहे, आणि असं रबर साच्यात कसं घालावं ते टायरवाल्यांना ठाऊक होतं. शिवाय ब्रामानीच्या तळाचं नाव पडलं ‘कारारमातो’, म्हणजे रणगाडा. माझा निकाल असा: नक्षी खिळ्याची, देह टायरचा.

या कुळाची दुसरी शाखा आपल्या काळ्या मातीला जास्त जवळची आहे. अमेरिकी सैन्यातला सार्जंट रेमंड डोबी याने १९४४ मध्ये ‘पनामा’ तळ काढला. त्यातले तिरपे, विरळ ठोकळे पावलागणिक चिखल बाहेर ढकलतात. पुढे व्हिएतनाम युद्धात तिथल्या जंगलात व्हिब्रामसारख्या दाट खाचा चिखलाने बुजू लागल्या, तेव्हा तो पुन्हा बाहेर आला. त्याच जंगलात समोरची बाजू टायरच्या चपला घालून लढत होती. आपल्या कारागिराने टायरची चप्पल कुठून उचलली? माझ्या मते कुठूनच नाही. जिथे टायर पोचला, रापी होती आणि चामडं महाग होतं, तिथे ती आपोआप जन्मली. आता ट्रकला तारांचे रेडियल टायर आले. त्यांना रापी दाद देत नाही. ही शाखा त्यामुळेच आटत चालली असावी.

निवड या कुळावरून करावी. कोरड्या दिवसांत माणिकगडाच्या कातळासाठी मऊसर रबर आणि पुढे पसरट ठोकळे हवेत. पावसात काळी माती तुडवायची असेल तर ठोकळे विरळ, खोल आणि टाच धारदार हवी. घसाऱ्यावरून उतरताना टाचच ब्रेक लावते. ओल्या शेवाळावर कुठल्याही तळाचा भरवसा धरू नये, तिथे काठी घ्यावी. बांबूच्या खुंटांसाठी आणि बाभळीच्या काट्यांसाठी तळ जाड लागतो. वर्षभर पडून राहिलेला बूट आधी दोन्ही हातांनी वाकवून पाहावा: रबर कडक होतं, पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेने भुसभुशीत होतो आणि चंद्रपूरचा ४५ अंशांवरचा उन्हाळा डिंकाची परीक्षा घेतो. टायर घेताना आपण खाचांची खोली पाहतो. बूटही तसाच उलटा करून घ्यावा, तळ आधी आणि रंग नंतर.